मातीचा जमाखर्च

मुद्दल खाऊन चाललेल्या संसारास कोणीहि शहाणा मनुष्य सुखाचा संसार म्हणणार नाहीं. घरांतील वडील माणसें व्याज किती व मुद्दल किती हें पाहूनच खर्चास हात घालतात. परंतु जिच्यावर सर्वांच्या अन्नाचा भार, त्या जमिनीच्या मुद्दलाचा हिशेब मात्र बहुधा कोणाच्याच वहींत आढळत नाहीं. त्या हिशेबाविषयीं आज आम्ही वाचकांशीं चार शब्द बोलूं इच्छितों.

तो पद्धतशीर मांडण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेंत झाला. तेथील मैदानांतील गवत मोडून गहूं पेरला गेला, पुढें अवर्षण आलें आणि उघडी माती वाऱ्यानें उडाली. ह्यू बेनेट या तज्ज्ञाच्या खटपटीनें १९३५ सालीं तेथें मृद्संधारणाचा कायदा झाला. पुढें उतरत्या वाफ्यांतून वाहून जाणारी माती वर्षानुवर्षें मोजण्यांत आली, व त्या मापांवरून विश्मायर आणि स्मिथ यांनीं १९६५ सालीं एक समीकरण प्रसिद्ध केलें. पावसाचा जोर, मातीची जात, उताराची लांबी व तीव्रता, पीक आणि बंदिस्ती यांचे आंकडे एकमेकांशीं गुणले कीं, एकरीं वर्षास किती माती जाईल याचा अदमास निघतो. माती गेल्यानें उत्पन्न किती घटेल, हें संगणकावर वर्तविणारा ‘एपिक’ नांवाचा गणिती नमुना त्यानंतर, १९८० च्या दशकांत, तयार झाला.

एका एकरावरील एक इंच जाडीचा थर सुमारें १५० टन भरतो. दर वर्षीं ५ टन माती गेली तर तो सरण्यास ३० वर्षें लागतात. इंचाचा तिसावा हिस्सा डोळ्यांस दिसणार कसा? त्यांतच नवें बियाणें व खत यांनीं पीक वाढत असतें. झालेली वाढ दिसते. माती टिकती तर आणखी किती झाली असती, तें दिसत नाहीं.

शिवाय सर्व इंच सारखे नव्हेत. आपल्या दख्खनांत पुष्कळ ठिकाणीं माती उथळ असून खालीं मुरूम आहे. खोल काळ्या जमिनींत एक इंच गेल्यानें लगेच फारसें बिघडत नाहीं. उथळ जमिनींत तोच इंच ओल धरण्याची शक्ति घेऊन जातो, आणि रब्बीची ज्वारी तर ओलीवरच जगते. मुंबई सरकारच्या १९४२ च्या जमीन सुधारणा योजनांच्या कायद्यांत मृद्संधारणासहि स्थान मिळालें, तें उगीच नव्हे.

खरी मेख मात्र वटावांत आहे. हुंडीवर कापावा तसा वटाव अर्थशास्त्रज्ञ भावी नुकसानीवर कापतात. पन्नास वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या तोट्याची आजची किंमत शेंकडा २ दरानें सुमारें ३७ रुपये, ५ दरानें सुमारें ९ रुपये, आणि १० दरानें एक रुपयाहूनहि कमी! माती तीच, पाऊसहि तोच. पण एका दरानें बांध घालणें किफायतीचें ठरतें, दुसऱ्यानें तीच उधळपट्टी ठरते. कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यास मोठा दर धरणें भाग पडतें. त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु समाजानें कोणता दर धरावा, हें केवळ गणितानें ठरत नाहीं. नातवंडांच्या भाकरीस आपण किती मोल देतों, यावर तें ठरतें.

ज्यांची वडिलार्जित जमीन अद्याप गांवीं आहे, त्यांनीं येत्या पावसाळ्यांत एकदां बांधावर उभें राहून शेतांतून बाहेर पडणारें पाणी पाहावें. तें गढूळ असेल, तर घरचें मुद्दल चाललें आहे असें समजावें.