मंदावलेला सेल्फ : दोष कोणाचा?

बेंगळूरूच्या उत्तरेस येलहंका हे उपनगर आहे. भारतीय रेल्वेची चाके तयार करणारा कारखाना येथे आहे आणि हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसल्यामुळे येथील डिसेंबर-जानेवारीतील पहाट गार असते. अशा पहाटे रस्त्याकडेला रात्रभर उभा असलेला एखादा जुना डिझेल ट्रक चालकाची परीक्षा पाहतो. चावी फिरवली की सेल्फ जड आवाज करीत कसाबसा फिरतो. इंजिन मात्र सुरू होत नाही. ‘सेल्फ गेला’ असे म्हणून तो बदलला जातो. पैसे जातात, त्या दिवसाची खेप बुडते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तीच रड! कारण मूळ दोष पुष्कळदा दुसरीकडेच असतो.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला दाबून तिचे आकारमान साधारण सोळा ते वीस पटींनी कमी करतो. या दाबाने हवा इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. मात्र त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते. वेग कमी पडला, तर हवेतील उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरते आणि डिझेल पेटत नाही. गारव्याने इंजिनातील तेल दाट होते व बॅटरीची शक्तीही घटते. म्हणून दुपारी लपून राहिलेला दोष पहाटे उघड होतो.

सेल्फ ही एक विजेची मोटर आहे. अनेक ट्रकांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून तिला 24 व्होल्टचा पुरवठा केला जातो. मोठे इंजिन फिरवताना ती शेकडो अँपिअर प्रवाह घेते. हा प्रवाह बॅटरीतून जाड केबलने सेल्फकडे जातो आणि इंजिन, अर्थिंगची पट्टी व चासी यांतून बॅटरीकडे परततो. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्याने ही पट्टी अत्यावश्यक ठरते. या वाटेवरील एखादा सांधा सैल वा गंजलेला असेल, तर तेथे रोध वाढतो. समजा, तो रोध अवघा 0.01 ओहम आहे. 300 अँपिअर प्रवाह वाहताना ओहमच्या नियमानुसार तेथे 3 व्होल्ट खर्च होतात. म्हणजेच 900 वॉट शक्ती सांधा तापवण्यात वाया जाते. दिव्यासारख्या लहान प्रवाहाला हा अडथळा जाणवतही नाही. दिवे चांगले लागतात म्हणून वायरिंग ठीक आहे, असे मानणे त्यामुळेच चुकीचे ठरते.

तपासणीचा क्रम सोपा आहे. प्रथम बॅटरी पाहावी. काही तास विसावलेल्या, पूर्ण भारित 12 व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे 12.6 व्होल्ट असतो, तो 12.2 असेल, तर बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या तपासाव्यात. एक कमजोर असली, की दुसरीचेही बळ वाया जाते. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी भुकटी स्वच्छ करून पकडी आवळाव्यात.

यानंतरची मापे सेल्फ फिरत असतानाच घ्यावी लागतात. त्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आणून हँडब्रेक लावावा, चाकांना अटकाव द्यावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून ठेवावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून जवळ विडी-काडी पेटवू नये.

सहकाऱ्याने चावी फिरवली असता मल्टिमीटरने प्रथम बॅटऱ्यांवरील एकूण दाब मोजावा व नंतर सेल्फच्या मुख्य टर्मिनलवर, सेल्फच्या धातूच्या अंगाला दुसरी तार लावून मोजावा. दोहोंत अनेक व्होल्टचा फरक आढळला, तर दोष वाटेत आहे. मग केबल, सोलेनॉइड स्विच व अर्थिंग यांच्या दोन्ही टोकांमधला दाब एकेक करून मोजावा. जेथे आकडा मोठा, तेथे दोष!

दोन्ही मापे जवळजवळ सारखी आणि दोन्ही फारच कमी आली, तर दोन शक्यता उरतात : बॅटरी भार सोसत नाही किंवा सेल्फ नेहमीपेक्षा जास्त प्रवाह ओढत आहे. चांगली बॅटरी लावूनही तसेच घडले, तर बुश झिजून सेल्फचा आतील भाग घासत असावा अथवा इंजिनच जड झाले असावे. उलट, दोन्ही ठिकाणी दाब चांगला असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर त्यातील कार्बन ब्रश झिजलेले असण्याचा संभव असतो. सेल्फ उतरवण्याची वेळ येते ती आता.

ही तपासणी थोड्या वेळात होते आणि तिला फक्त एक साधा मीटर लागतो. मोजमापाआधी निष्कर्ष काढण्याची किंमत मात्र गाडीमालकाच्या खिशाला आणि चालकाच्या रोजीला मोजावी लागते.

स्वाध्याय
1. डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी ते वेगाने फिरणे का आवश्यक आहे?
2. दिवे नीट लागत असूनही सेल्फ मंद का फिरू शकतो?
3. 200 अँपिअर प्रवाह वाहत असता 0.02 ओहम रोधामुळे किती व्होल्ट खर्च होतील?