पी थ्री की पी फाइव्ह? आधी टेप आणा

एलईडी वॉलची कोटेशनं टेबलावर आली की समितीतला प्रत्येक जण आधी 'पी'पुढचा आकडा शोधतो. एकाने पी ५ दिलेला असतो, दुसऱ्याने पी ३.९१, आणि तिसरा सांगून गेलेला असतो की आमचा पी २.५ आहे, बाकीच्यांचा माल जुना. मग आकडा लहान तो माल भारी असं ठरतं आणि चर्चा थेट पैशांवर येते. मंगल कार्यालय असो, देवस्थानचा दर्शन मंडप असो की गणपती मंडळ, निर्णय बहुधा असाच होतो. या सगळ्यात एक माप कुणी घेतलेलं नसतं: पडद्यापासून पहिल्या खुर्चीपर्यंतचं.

पी म्हणजे पिच. एका पिक्सेलच्या मध्यापासून शेजारच्या पिक्सेलच्या मध्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. ठिपक्यांच्या रांगोळीत दोन ठिपक्यांमध्ये किती जागा सोडली, तसंच हे. पी १० च्या एका चौरस मीटरमध्ये १०,००० पिक्सेल बसतात, पी ५ मध्ये ४०,००० आणि पी २.५ मध्ये १,६०,०००. पिच निम्मं केलं की आडवे पिक्सेल दुप्पट, उभे दुप्पट, म्हणजे एकूण चौपट. पी बदलला की चौरस फुटाचा भाव एवढा का उसळतो, त्याचं मुख्य कारण हेच.

'आकडा जितका लहान, तितका पडदा चांगला'

लास वेगासमधला 'स्फिअर' २०२३च्या ४ जुलैला पहिल्यांदा बाहेरून उजळला आणि त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. डोळे मिचकावणारा तो प्रचंड गोळा अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या बाहेरच्या अंगावर सुमारे १२ लाख दिवे आहेत, प्रत्येकात ४८ एलईडी, आणि दोन दिव्यांमधलं अंतर आहे ८ इंच. आपल्या भाषेत पी २०० च्या आसपास! कुणी त्याला ढोबळ म्हटलेलं ऐकलं नाही, कारण तो बघायचा असतो रस्त्यापलीकडून, हॉटेलच्या खिडकीतून, विमानातून.

यामागे साधी भूमिती आहे. निरोगी नजरेला दोन ठिपके वेगळे दिसायचे तर त्यांच्यात डोळ्याशी निदान एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन व्हावा लागतो. हिशेब केला तर पिचच्या दर मिलिमीटरला सुमारे ३.४ मीटर अंतर येतं. म्हणजे पी ३ चे ठिपके साधारण १० मीटरच्या पुढे एकमेकांत मिसळतात, पी ५ चे १७ मीटरच्या पुढे, पी १० चे ३४ मीटरच्या पुढे. त्या अंतरापलीकडे बसलेल्या माणसाला तुम्ही पिच आणखी कितीही बारीक दिलंत तरी फरक दिसणार नाही. पैसे मात्र चौपट गेलेले असतील.

बारीक पिचचा आणखी एक तोटा भाड्याचा धंदा करणाऱ्यांना विचारा. दिवे जितके बारीक आणि दाट, तितके मॉड्यूलच्या कडेचे आणि कोपऱ्याचे दिवे हाताळताना निखळण्याचा धोका जास्त. टेम्पोत चढवणं, ट्रसवर टांगणं, पावसात घाईने उतरवणं, असं ज्या पडद्याच्या नशिबी आहे, त्याला विनाकारण पी १.९ घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

'पी ३ म्हणजे ३ मीटरवरून बघायचा'

हा ठोकताळा चुकीचा नाही, पण तो अर्धाच सांगितला जातो. मिलिमीटर तितके मीटर हे जवळचं टोक झालं: त्याहून जवळ सरकलं की चित्र विस्कटायला लागतं. त्या अंतरावर लक्ष देऊन पाहिलं तर ठिपके दिसतातच, फक्त चेहरा चेहऱ्यासारखा वाटतो आणि हलत्या दृश्यात ते खटकत नाही. ३.४ मीटरचा हिशेब हे दुसरं टोक, जिथून पुढे ठिपके उरतच नाहीत. योग्य पिच या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी असतं, आणि कुठे ते पडद्यावर काय दाखवणार यावर ठरतं. नाच, गाणी, मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण असेल तर पहिल्या टोकाजवळ गेलं तरी चालतं. आकडे, नावं, नकाशे दाखवायचे असतील तर दुसऱ्या टोकाकडे सरकावं.

घरच्या टीव्हीशी तुलना करून बरेच जण इथे फसतात. ५५ इंची फोर-के टीव्हीत दोन पिक्सेलमधलं अंतर मिलिमीटरच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी असतं. शिवाय दुकानात ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो बहुतेकदा एलसीडीच असतो, एलईडी फक्त मागून उजेड देतात. तो जवळून बघायचा, वॉल लांबून. शोरूममध्ये वॉलला नाक लावून 'फाटतंय' म्हणण्यात अर्थ नाही.

'फुल एचडी आहे साहेब'

सगळ्यात जास्त फसगत या वाक्यावर होते. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. लग्नाच्या स्टेजवर किंवा छोट्या सभेत दिसणारा, बोलीभाषेत 'बारा बाय आठ'चा पडदा घ्या. अर्ध्या मीटरच्या कॅबिनेटमधून तो साडेतीन मीटर बाय अडीच मीटर असा बनतो. पी ३.९१ च्या अशा कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल असतात. सात कॅबिनेट आडवी, पाच उभी: ८९६ बाय ६४० पिक्सेल. फुल एचडीच्या जेमतेम २८ टक्के. प्रोसेसर फुल एचडीचा सिग्नल आत घेतो, हे विक्रेत्याचं म्हणणं खरं आहे. पण पडद्यावर जाताना ते चित्र आवळलं जातं किंवा कापलं जातं. याच पिचमध्ये खरोखर फुल एचडी हवं असेल तर वॉल साडेसात मीटर रुंद लागेल, म्हणजे जवळपास २५ फूट.

म्हणून पिचपेक्षाही आधी एकूण पिक्सेल विचारावेत: आडवे किती, उभे किती. पुष्कळदा या प्रश्नावर समोरचा कॅटलॉग चाळायला लागतो. लग्नाच्या व्हिडिओला ८९६ बाय ६४० पुरतं. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत कुणी चाळीस ओळींचा ताळेबंद लावला तर एका ओळीला १६ रांगा येतात, त्यातही दोन ओळींमधली मोकळी जागा धरायची. मग मागचे सभासद 'दिसत नाही' म्हणून ओरडतात आणि दोष पिचवर जातो. खरं तर त्या दिवशी ताळेबंद चार भागांत दाखवणं फुकटात झालं असतं.

इथे आपल्या लिपीचा मुद्दा येतो, जो परदेशी कॅटलॉगच्या तक्त्यांत नसतोच. रोमन अक्षर पाच बाय सात ठिपक्यांत ओळखू येतं. दुकानांवर दिसणारं लाल पी १० मॉड्यूल ३२ बाय १६ ठिपक्यांचं असतं, आणि त्याच्या १६ रांगांत इंग्रजीच्या दोन ओळी सुखाने बसतात. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि मात्रा, मध्ये शिरोरेषेसह अक्षर, खाली उकार. सोळाच्या सोळा रांगा एकाच ओळीला लागतात आणि तरी 'राष्ट्रीय'मधला ष्ट्र गचका होऊन बसतो. भ आणि म, घ आणि ध यांतला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर आणि गाठीवर असतो. रांगा कमी पडल्या की पहिल्यांदा तीच बुजते. मराठीच्या एका ओळीला निदान २४ रांगा द्याव्यात, ३२ मिळाल्या तर जोडाक्षरंही मोकळा श्वास घेतात, असं माझं मत आहे. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. नावाची पाटीच एलईडीची करणाऱ्याने इंग्रजी नावावरून मॉड्यूल मोजले तर हिशेब दोन्हीकडून चुकतो. आधी मराठी ओळ मांडावी आणि उंची तिच्यावरून काढावी.

'मोबाइलमध्ये रेघा येतात, म्हणजे पिच कमी पडलं'

रेघा दोन जातींच्या असतात. काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर त्याचा पिचशी संबंध नाही. एलईडी सलग जळत नाहीत, अतिवेगाने चालू-बंद होतात, तेही रांगारांगांनी. कॅमेऱ्याचं शटर त्या वेगाशी जुळलं नाही की पट्टे उमटतात. इथे विचारायचा आकडा रिफ्रेश रेट. चित्रीकरण होणार असेल तर १९२० पेक्षा ३८४० हर्ट्झचा पडदा बरा. दुसरी जात लहरींसारख्या रंगीत नक्षीची, तिला मॉयरे म्हणतात. पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्या की ती तयार होते. बारीक पिचने ती कमी होते खरी, पण कॅमेरा थोडा मागे नेला, कोन बदलला किंवा फोकस पडद्याऐवजी माणसावर ठेवला तरी काम भागतं. 'द मँडलोरियन' या २०१९च्या मालिकेसाठी २० फूट उंच, ७५ फूट व्यासाची एलईडीची गोलाकार भिंत उभारली होती. तिचं पिच होतं २.८४ मिलिमीटर. हॉलिवुडचं बजेट असूनही ते यापेक्षा बारीक गेले नाहीत. भिंत फोकसबाहेर राहील अशा लेन्स वापरल्या.

लग्नाच्या स्टेजवर मात्र एक गोष्ट उलटी होते. पाहुणे ५ मीटरवर बसलेले असतात, पण फोटोग्राफर त्यांच्या पुढे असतो आणि नवरा-नवरी पडद्याला जवळजवळ टेकून. तिथे सर्वांत जवळचा प्रेक्षक कॅमेरा आहे, म्हणून पाहुण्यांच्या हिशेबाने पी ३.९१ पुरत असलं तरी कार्यालयाच्या मालकाने पी २.५ कडे बघायला हरकत नाही.

उन्हात पडदा फिका पडतो तेव्हाही पिचला बोल लावला जातो. तो प्रश्न उजेडाचा, आणि उजेड मोजतात निट्समध्ये. घरात ६०० ते १००० निट्स पुरतात, भर दुपारी रस्त्यावर ५००० च्या वर लागतात, आणि पावसासाठी पुढून आयपी ६५ संरक्षण. इनडोअरचा पी २.५ चौकात नेऊन टांगला तर पी १० त्याच्यापेक्षा उजळ दिसेल.

कोटेशनवर सही करण्यापूर्वी दोन बाबी लेखी घ्याव्यात. एक, दिलेलं पिच खऱ्या पिक्सेलचं आहे की 'व्हर्च्युअल'. काही ठिकाणी शेजारच्या पिक्सेलचे दिवे वाटून घेऊन आकडा लहान दाखवतात. जाळीच्या पारदर्शक पडद्यांत तर आडवं पिच वेगळं आणि उभं वेगळं असतं, 'पी ३.९१-७.८१' असं, आणि बोलताना फक्त पहिला आकडा सांगितला जातो. दुसरी बाब, त्याच बॅचचे जादा मॉड्यूल. दोन वर्षांनी पिच तेच असलं तरी दुसऱ्या बॅचचा लाल रंग आधीच्या लालशी जुळेलच असं नाही, आणि मग पडद्याच्या मधोमध एक चौकोन वेगळा दिसत राहतो.