सावळी, पण...

मराठी माणसाच्या लग्नाच्या बोलण्यांत ‘पण’ हा शब्द फार मोलाचा आहे. ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’ ‘रंग जरा दबलेला आहे, पण पोरगी शिकलेली आहे.’ आयुष्याची तीसेक वर्षे मी बँकेत काढली, त्यामुळे या वाक्यातला हिशेब मला फार लवकर कळला. ‘पण’च्या अलीकडे जे असते ते नावे पडते आणि पलीकडचे जमेला धरले जाते. मी स्वतः सावळी. १९८३-८४ च्या सुमारास मला पाहायला येणाऱ्यांनी कांदेपोहे खाऊन जी पत्रे पाठवली, त्यांत ‘पत्रिका जुळत नाही’ असे सभ्य वाक्य असे. एका ठिकाणी तर पत्रिका मागितलीच नव्हती!

आमच्या वर्धा जिल्ह्यात रंगाला आणखी एक अर्थ आहे. इथला मे महिना ज्याने काढला आहे त्याला तो सांगावा लागत नाही. कपाशीच्या निंदणाला आणि वेचणीला जाणारी बाई उन्हाने रापते. वाड्यातली बाई सावलीत असते. मी हिंगणघाटकडच्या शाखेत असताना पीककर्जाच्या कागदावर अंगठा द्यायला येणाऱ्या बायांचे हात आणि सावकारांच्या घरच्या बायकांचे हात, दोन्ही माझ्या टेबलावर टेकत. गोरेपणा म्हणजे मुळात सावली परवडणे, हे मला पुस्तकाआधी त्या टेबलाने शिकवले. त्यात जातीचा हिशेब मिसळलेला असतोच.

अशा समाजाच्या पडद्यावर स्मिता पाटील आली. ती आधी आली छोट्या पडद्यावर, हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे मराठी बातम्या वाचणाऱ्यांत ही विशीच्या आतबाहेरची मुलगी होती. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. घराणे खानदेशातले, शिरपूरचे. वडील शिवाजीराव गिरधर पाटील राजकारणात, पुढे मंत्री. आई विद्याताई समाजकार्यात. लहानपण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात गेलेले. घाईत जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसत असे, असे सांगतात. बातम्या वाचणारा कमरेच्या वरच दिसतो, तेव्हा ते खपून जाई.

दूरदर्शनवर रंग आले १९८२ मध्ये. त्याआधी सगळाच कारभार काळापांढरा. त्या पडद्यावर नाच नाही, बाग नाही, एक चेहरा आणि एक आवाज. प्रेक्षकाला तिचे मोठे डोळे दिसले आणि वाक्य कुठे तोडायचे हे जाणणारा आवाज ऐकू आला. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनीही तिला तिथेच हेरले. १९७५ मध्ये त्यांचे ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले. त्याच १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरे करण्याचे मलम आपल्या बाजारात आले. दोघींचाही आपल्या घरांत शिरकाव एकाच वर्षी झाला. मलमाचा खप किती झाला ते सांगायला नको. त्याच्या नावातले ‘फेअर’ गळायला २०२० साल उजाडावे लागले.

पुढची दहा-अकरा वर्षे म्हणजे सुमारे ऐंशी चित्रपट. सगळ्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही, आणि काही हिंदी धंदेवाईक चित्रपट तिने केले नसते तरी चालले असते असे माझे मत आहे. पण काही भूमिकांकडे रंगाच्या नजरेने पाहावे. ‘मंथन’ (१९७६) मधली बिंदू. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट. ‘जैत रे जैत’ (१९७७) मधली ठाकरांची चिंधी. ‘चक्र’ मधली झोपडपट्टीतली अम्मा. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’ मधली झुरिया, वेठीला जुंपून मेलेल्या दलित माणसाची बायको. यातली प्रत्येक भूमिका तिने जीव ओतून केली. तरी एक गोष्ट डोळ्यांत येते. सावळी बाई हवी म्हटले की पटकथा तिला रानात, वस्तीत, झोपडीत नेत होती. सावळेपणा पडद्यावर आला, तो गरिबीचा दाखला घेऊन.

हा अनुभव तिच्या एकटीचा नव्हता. अमेरिकेत हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’ मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी १९४० मध्ये ऑस्कर मिळाले. त्या समारंभात तिला इतर कलावंतांपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते. तिच्यानंतरची सिसली टायसन. तिने १९६३ मध्ये ‘ईस्ट साइड वेस्ट साइड’ या मालिकेत समाजसेवेच्या कचेरीतली सेक्रेटरी रंगवली, तीही केस सरळ न करता, जन्मतः होते तसे कुरळे ठेवून. कमीपणा आणणाऱ्या भूमिका ती नाकारत राहिली. १९७२ च्या ‘साउंडर’ मध्ये तिने वाट्याने जमीन कसणाऱ्या कुळाची बायको उभी केली आणि ऑस्करचे नामांकन मिळवले. १९७४ मध्ये दूरदर्शन-चित्रपटातल्या मिस जेन पिटमनसाठी दोन एमी. ती गेली २०२१ मध्ये, शहाण्णव वर्षांची होऊन. स्मिताला त्याचे एक तृतीयांश आयुष्यही मिळाले नाही.

दोघींना एका पंगतीत बसवताना हात आखडता घ्यायला हवा. टायसनच्या मागे गुलामगिरीचा इतिहास होता, कायद्याने केलेली शिवाशिव होती. स्मिता मंत्र्याची मुलगी. झुरियाचे दुःख तिने अंगावर घेतले ते शूटिंगपुरते. दलित घरातल्या सावळ्या मुलीला तेव्हा दूरदर्शनच्या खुर्चीपर्यंत पोचता आले असते का, हा प्रश्न मला पडतो.

तरीही ‘उंबरठा’ (१९८२) ही माझ्या लेखी मोठी घटना आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेला चित्रपट. वर्ध्याच्या थिएटरात तो लागला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. शाखेतल्या आम्ही तिघी गेलो. सुलभा महाजन शिकलेली, खात्यापित्या घरची सून, वकिलाची बायको. महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून घराबाहेर पडते. चित्रपट संपला तेव्हा दोघी मैत्रिणी तिने नवऱ्याला सोडावे की नाही यावर भांडत होत्या. मी दुसऱ्याच हिशेबात. त्या श्रीमंत घरात, सासू-जावेच्या देखत, सुलभाच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नव्हते. ती सावळी होती आणि त्याचे कारण द्यावे असे दिग्दर्शकाला वाटले नव्हते. दिवाणखान्यात सावळी बाई, आणि ‘पण’ नाही!

घरी येऊन मी आईला हे सांगितले. ती म्हणाली, ‘‘अगं बाई, ते सिनेमात.’’ आणि दुधाची साय वाटीत काढून ठेवली.

‘भूमिका’ आणि ‘चक्र’ साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत, स्मिता गेली. वय एकतीस. तो शनिवार होता. सोमवारी बँकेत कॅश मोजता मोजता आमची हेडकॅशियर वहिनी म्हणाली, ‘‘काय सुंदर होती हो!’’ स्वतःच्या मुलीचा रंग सांगताना ‘पण’ लावल्याशिवाय न राहणारी ही बाई. मी वाट पाहिली. पुढे ती काही बोलली नाही, नोटा मोजत राहिली.

त्यानंतरचा जमाखर्च सरळ नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ मध्ये काळा जब्या नायक झाला, मात्र त्याला हवी असलेली शालू गोरीच होती. २०१६ मध्ये ‘सैराट’ मधून अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू सावळ्या आर्चीच्या रूपाने बुलेटवर बसून आली आणि पाटलाची लेक म्हणून सगळ्या महाराष्ट्राने ती मान्य केली. याउलट २०१९ मध्ये ‘रंग माझा वेगळा’ ही मराठी मालिका सुरू झाली. नायिका दीपा, रंगावरून घरीदारी हिणवली जाणारी. विषय आपला म्हणून मी नेमाने पाहू लागले, आमच्या गल्लीतल्या घराघरांत ती लागत असे. दीपाचे काम करणारी रेश्मा शिंदे अभिनेत्री चांगली आहे. मुळात ती गोरी. सावळ्या मुलीची गोष्ट सांगायला मराठी दूरचित्रवाणीने गोरी मुलगी निवडली आणि तिला रोज मेकअपने काळे केले; शूटिंग संपले की तो रंग धुऊन घरी जाता येत असे.