वायूतून घडतो हिरा, काच आणि हृदयाची झडप

गोबरगॅसमध्ये जळतो तो मिथेन. त्याचा एखाद-दुसरा टक्का, बाकी जवळजवळ सगळा हायड्रोजन, कमी दाब, मायक्रोवेव्हने चेतवलेला प्लाझ्मा आणि तळाशी आठ-नऊशे अंशांवर तापलेली हिऱ्याची पातळ चकती. एवढ्या सामग्रीवर काही आठवड्यांत अंगठीत बसवण्याजोगा अस्सल हिरा वाढतो!

ही केमिकल व्हेपर डिपॉझिशनची, म्हणजे सीव्हीडीची करामत. वायू आत सोडायचे, त्यांची रासायनिक क्रिया तापलेल्या पृष्ठभागावर घडवायची. घन पदार्थ तिथे थर धरतो आणि उरलेले वायू बाहेर जातात. दिव्यावर ताटली धरून काजळ पाडतो, तेव्हा कार्बनचे कण ज्योतीतच तयार होतात आणि मग ताटलीला चिकटतात. म्हणून काजळ बोटाने पुसलं जातं. सीव्हीडीत थर पृष्ठभागावरच जन्मतो, म्हणून तो सुटता सुटत नाही.

हिऱ्याची गंमत आणखी खोल आहे. इतक्या कमी दाबाला कार्बनचा खरा ओढा ग्राफाइटकडे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाकडे. पण प्लाझ्मात हायड्रोजनचे सुटे अणू असतात. ते ग्राफाइट भराभर खाऊन टाकतात आणि हिऱ्याला फारसा धक्का लावत नाहीत. दोन पावलं पुढे, एक मागे असं करत हिरा वाढतो. अमेरिकेत विल्यम एव्हरसोल यांनी १९५२ मध्येच वायूतून हिरा वाढवला होता, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रचंड दाबाखाली बनवलेल्या गाजलेल्या हिऱ्याच्याही आधी! वेग मात्र फारच कमी होता. १९८०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी हायड्रोजनचं गणित नीट बसवलं आणि गाडी धावू लागली. आज सुरतेत असे हिरे वाढतातही आणि पैलूही पाडून घेतात.

धातूचाही वायू होतो, हे ऐकलंय? लुडविग माँड आणि सहकाऱ्यांनी १८९० मध्ये जाहीर केलं की निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड नेला तर पन्नास-साठ अंशांनाच निकेल वायुरूप होतं, आणि तो वायू दोनशेच्या आसपास तापवला की शुद्ध निकेल परत हाती येतं. हा वायू भयंकर विषारी, तरीही वेल्समधल्या क्लायडॅकला त्यावर आख्खा कारखाना उभा राहिला.

मला सर्वांत भावते ती हृदयाच्या कृत्रिम झडपेची गोष्ट. १९६०च्या दशकात अमेरिकेत अणुभट्टीच्या इंधनकणांवर कार्बनचं कवच चढवण्याचं काम चाललं होतं. प्रोपेनसारखा वायू हजार अंशांच्या वर तापवायचा आणि त्याच्या झोतात कण तरंगत ठेवायचे. असा कार्बन कठीण, गुळगुळीत आणि रक्ताशी बऱ्यापैकी जुळवून घेणारा निघाला. जॅक बोक्रोस यांनी तो झडपांकडे वळवला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी रुग्णाला घ्यावीच लागते, पण अणुइंधनाचं कवच माणसाच्या छातीत वर्षानुवर्षं उघडझाप करतं, याचं नवल ओसरत नाही.

ऑप्टिकल फायबरच्या एका गाजलेल्या पद्धतीत मात्र काजळीच हवी असते! फिरत्या काचनळीत सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ आणि ऑक्सिजन सोडून बाहेरून ज्योत फिरवली की आत शुभ्र काजळी साचते; ती वितळवून नितळ काच करतात आणि मग तिची तार ओढतात. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला फायबरसाठी लागणारी काच बनते.

लेथवरच्या इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या छोट्या पात्याचा, सोनेरी रंग पाहिलाय? त्यात सोनं नाही, तो बऱ्याचदा याच सीव्हीडीने चढवलेला टायटॅनियम नायट्राइडचा थर.

निळ्या एलईडीसाठीचे थर वाढवताना एक अडचण होती ती वायू तापल्या चकतीवरून वर उठण्याची. शूजी नाकामुरा यांनी वरून दुसरा झोत सोडून त्यांना खाली दाबलं. २०१४ च्या नोबेलमागे हीही युक्ती होती.

आणि बारकाव्याची कमाल फिनलंडच्या तुओमो सुन्तोलांची. १९७४ मध्ये त्यांनी वायू एकत्र न सोडता आळीपाळीने सोडले. एका फेरीत थर चढतो जेमतेम ०.१ नॅनोमीटर. केसाएवढी जाडी गाठायची तर सात-आठ लाख फेऱ्या लागतील! पण चिपला एवढं पातळच हवं असतं: २००७ मध्ये इंटेलने ट्रान्झिस्टरमधला हॅफ्नियमयुक्त थर याच रीतीने चढवला.