‘ग’ची बाधा आणि घरची माणसे

पन्नाशीला आलेली एक गृहिणी डॉक्टरांकडे येते. तक्रार एकच, ‘डॉक्टर, मला विसरायला होतंय. एकदा मेंदूची तपासणी करून घ्या.’ काय विसरता, असे विचारल्यावर ती सांगते, ‘हे म्हणतात, मी असं बोललोच नव्हतो. मला मात्र ते बोललेलं चांगलं आठवतं. दर वेळी असंच होतं. म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय ना?’ स्मरणशक्तीची साधी चाचणी होते. तारीख, वार, मघाशी सांगितलेले शब्द, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, सगळे ती बिनचूक करते. स्मरणशक्ती शाबूत असते. बिघडलेली असते ती झोप, भूक आणि स्वतःवरचा विश्वास.

हे चित्र कोणा एकीचे नाही. ‘नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणजे आत्मप्रौढीचा व्यक्तिमत्त्व विकार. हा विकार ज्याला असतो, तो स्वतःहून क्वचितच डॉक्टरांकडे जातो. कारण त्याच्या मते चूक नेहमी समोरच्याची असते. दवाखान्यात येतात ती त्याच्याभोवतीची माणसे. तीही या विकाराचे नाव घेऊन येत नाहीत. येतात ती ॲसिडिटी, डोकेदुखी, धडधड, निद्रानाश आणि ‘मीच कुठेतरी कमी पडते’ ही भावना घेऊन.

गोष्टीतली विसरलेली मुलगी

या विकाराला नाव मिळाले ते एका ग्रीक कथेवरून. नार्सिसस हा देखणा तरुण पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळतो आणि तिथेच झुरून मरतो. एवढी गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेत आणखी एक पात्र आहे, एको. तिला शाप असतो की स्वतःचे काही बोलायचे नाही, दुसऱ्याच्या वाक्यातले शेवटचे शब्द तेवढे परत उच्चारायचे. ती नार्सिससवर प्रेम करते, तो तिला झिडकारतो आणि ती झिजत जाऊन शेवटी केवळ आवाज उरतो. मानसशास्त्राने नाव उचलले ते नार्सिससचे. अशा माणसासोबत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांची अवस्था मात्र एकोसारखी होते. हळूहळू स्वतःचे मत, स्वतःचा आवाजच उरत नाही.

फ्रॉइडने १९१४ मध्ये या विषयावर निबंध लिहिला. पुढे १९६०च्या दशकात ओटो कर्नबर्ग आणि हाइन्झ कोहुट या मनोविश्लेषकांनी त्याची सविस्तर मांडणी केली आणि १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम’ या निदान-पुस्तिकेत हा स्वतंत्र विकार म्हणून दाखल झाला.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द ऑटिझमसाठी रूढ आहे. तिचा या विकाराशी काहीही संबंध नाही. शब्दांच्या साधर्म्यामुळे स्वमग्न मुलांना ‘आत्मकेंद्री’ ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

स्वभाव कुठे संपतो, विकार कुठे सुरू होतो?

‘ग’ची बाधा थोडीफार अनेकांना असते. एखाद्याला स्वतःचे कौतुक ऐकायला आवडते, एखादा चारचौघांत फुशारकी मारतो, सोळा वर्षांचा मुलगा तासभर आरशासमोर उभा राहतो. यातले काहीही विकार नव्हे. डीएसएममध्ये नऊ लक्षणे दिली आहेत आणि त्यातली किमान पाच असावी लागतात. स्वतःच्या मोठेपणाची अवाजवी कल्पना, अमर्याद यश, सत्ता, सौंदर्य यांची स्वप्ने, आपण इतरांहून वेगळे, आपल्याला समजून घ्यायला तसेच मोठे लोक हवेत ही समजूत, कौतुकाची सततची भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे हा हट्ट, स्वार्थासाठी इतरांचा वापर, दुसऱ्याच्या भावनांची कदर नसणे, मत्सर, आणि उद्धटपणा.

लक्षणे मोजून मात्र निदान होत नाही. हा साचा तरुणपणापासून दिसावा लागतो, घर, नोकरी, मैत्री अशा सर्व ठिकाणी दिसावा लागतो आणि त्यामुळे त्या व्यक्तीचे स्वतःचे जगणेही विस्कटलेले असावे लागते. आपल्याकडे हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. ‘मी म्हणेन ती पूर्व दिशा’ असे घरात वागणारा, पण साहेबांपुढे नम्र आणि मित्रांच्या अडचणीला धावून जाणारा पुरुष आजारी असेलच असे नाही. अनेकदा त्याला ती मुभा रूढीने दिलेली असते. तो प्रश्न मानसोपचाराचा कमी आणि समाजाचा जास्त आहे. ‘आमच्याकडे मोठ्यांचं असंच असतं’ या एका वाक्याखाली रूढी, स्वभाव आणि विकार असे तिन्ही झाकले जातात.

हा विकार नेहमी छाती पुढे काढूनच वावरतो असेही नाही. संशोधक त्याची दोन रूपे सांगतात. एक उघड, बढाईखोर. दुसरे आतल्या गाठीचे, हळवे. यात माणूस वरकरणी बुजरा, सतत दुखावलेला असतो. ‘माझी कुणाला किंमतच नाही’ हे त्याचे पालुपद असते. तोंडावळा वेगळा असला तरी मूळ एकच, सगळे जग आपल्याभोवती फिरावे ही गरज. एकाच माणसात ही दोन्ही रूपे आलटूनपालटून दिसू शकतात.

हा विकार किती जणांना असतो? अमेरिकेत ३४ हजार ६५३ प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण ६.२ टक्के आढळले, पुरुषांत ७.७, तर स्त्रियांत ४.८ टक्के. निकष कडक लावल्यावर ते बरेच खाली येते. म्हणजे हा विकार फक्त पुरुषांचा नाही. सासू, आई, बहीण, वरिष्ठ अधिकारी, कुणालाही तो असू शकतो.

समजते, पण भिडत नाही

अशा माणसाला दुसऱ्याचे मन कळतच नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. बर्लिनमधील संशोधकांनी २०११ मध्ये या विकाराच्या रुग्णांची तपासणी केली. समोरच्याला काय वाटत असेल हे ओळखण्यात ते फारसे मागे नव्हते. उणीव होती ती समोरच्याचे दुःख स्वतःला जाणवण्यात. कोणता शब्द वर्मी लागेल हे अशा माणसाला नेमके ठाऊक कसे असते, याचे कोडे घरच्यांना पडते. त्याचे उत्तर काही अंशी इथे मिळते.

वरच्या डौलाखाली सहसा एक ठिसूळ मन असते. स्वतःची किंमत आतून वाटत नसल्याने ती सतत बाहेरून मिळवावी लागते. घरची माणसे ही मग माणसे न राहता आरसे होतात. आरशात रूप चांगले दिसले की सारे गोड. म्हणूनच अशा नात्याची सुरुवात भारावून टाकणारी असते. ‘तुझ्यासारखं मला कुणी भेटलंच नाही’ असे ऐकायला मिळते. पण एक साधा नकार, चारचौघांत निघालेली छोटी चूक, दुसऱ्या कुणाचे झालेले कौतुक, एवढ्यावरून आरशाला तडा जातो. मग आरडाओरडा, टोमणे किंवा आठ-आठ दिवसांचा अबोला. त्यानंतर अचानक पुन्हा प्रेमाचा उमाळा. हा लपंडावच माणसाला अडकवून ठेवतो. ‘तो चांगला दिवस’ परत येईल, या आशेवर पुढची वर्षे निघून जातात.

आणि मग येते ते ‘मी असं बोललोच नव्हतो’. समोरच्याला स्वतःच्याच स्मरणशक्तीवर शंका यावी असे वागण्याला ‘गॅसलायटिंग’ म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ या नाटकातून हा शब्द आला. त्यात नवरा घरातला दिवा मंद होत असल्याचे साफ नाकारतो आणि बायकोला ‘तुलाच भास होतात’ असे पटवत राहतो. हे निदानाचे लक्षण नाही आणि असे वागणारा प्रत्येक जण या विकाराचा रुग्ण नसतो. पण आपली चूक मान्य करणे ज्याला असह्य होते, त्याच्या घरात हे वारंवार घडते.

भोवतालच्यांची नोंद

ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा व्यक्तींचे जोडीदार आणि कुटुंबीय यांच्याकडेच मोर्चा वळवला. २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६८३ जण सहभागी झाले. त्यातील ६९ टक्के जणांत नैराश्याची, तर ८२ टक्के जणांत चिंताविकाराची लक्षणे आढळली. इतर गंभीर मानसिक आजारांच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांपेक्षाही यांच्यावरचा ताण अधिक होता. ही माणसे मदतीच्या शोधात असलेलीच होती, त्यामुळे हे आकडे सरसकट सर्वांना लावता येणार नाहीत. तरीही त्यांचा रोख स्पष्ट आहे. इतर आजारांत घरच्यांना निदान सहानुभूती मिळते. इथे तीही नाही. कारण बाहेर हा माणूस हसतमुख आणि दिलदार म्हणून ओळखला जातो. ‘एवढा चांगला नवरा मिळालाय, आणखी काय हवं?’ असे माहेरचेच विचारतात.

मुलांवरचा परिणाम अधिक खोल असतो. अशा घरातले मूल आईबापांच्या मोठेपणाचे प्रमाणपत्र बनते. दहावीला टक्के चांगले पडले तर पेढे आणि कौतुक, कमी पडले तर ‘नाक कापलंस’. घरात पाऊल टाकताच वडिलांचा किंवा आईचा चेहरा वाचायला मूल शिकते. आपल्याला काय हवे, हा प्रश्न त्याला पडेनासा होतो. मोठेपणी कुणाला ‘नाही’ म्हणताना त्याची छाती धडधडते.

मूळ कुठे?

कारण एकच नाही. अनुवंशिकता, स्वभाव, बालपण असे सगळे धागे त्यात आहेत. बालपणाबाबत नेदरलँड्समधील एक अभ्यास बोलका आहे. ७ ते ११ वर्षांच्या ५६५ मुलांची आणि त्यांच्या पालकांची टप्प्याटप्प्याने माहिती घेतली गेली; निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आमचं मूल इतरांपेक्षा खास’ असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्मप्रौढी वाढलेली दिसली. ज्यांना नुसती माया मिळाली, त्यांच्यात निकोप आत्मसन्मान वाढला. ‘तू सगळ्यांहून श्रेष्ठ आहेस’ आणि ‘तू आमचा लाडका आहेस’ या दोन वाक्यांत एवढे अंतर आहे. दुसरीकडे, सततची अवहेलना आणि मारझोड यांतूनही हा विकार उद्भवू शकतो, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

उपचार आहेत, वाट लांब आहे

या विकारावर औषध नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यासाठी गोळ्या दिल्या जातात. मुख्य उपचार मानसोपचाराचा, म्हणजे संवादाचा, आणि तो वर्षानुवर्षांचा. असे रुग्ण उपचार मध्येच सोडून जाण्याचे प्रमाण मोठे असते. ते येतात तेही बहुधा नोकरी गेल्यावर, घटस्फोटाची नोटीस आल्यावर किंवा उतारवयात एकटे पडल्यावर. तेव्हा आतली लाज उघडी पडते आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही येतात. ही वेदना खरी असते आणि ती डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यायलाच हवी. संथ गतीने का होईना, बदल होऊ शकतो. मात्र तो त्या व्यक्तीला स्वतःला हवा असावा लागतो. बायकोच्या सोसण्याने किंवा मुलांच्या शहाण्यासारख्या वागण्याने तो होत नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, निदानाचा शिक्का मारू नये. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून ‘तू नार्सिसिस्ट आहेस’ असे भांडणात तोंडावर फेकल्याने फक्त आगीत तेल पडते. शिवाय तज्ज्ञांचेही यावर पूर्ण एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात हा स्वतंत्र प्रकार ठेवलेला नाही. तिथे व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता सौम्य, मध्यम की गंभीर हे प्रामुख्याने पाहिले जाते. घरच्यांसाठी कामाचा प्रश्न ‘त्याला नेमके काय झाले आहे’ हा नसून ‘माझे काय होते आहे’ हा आहे. झोप लागते का? बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात घोळवून पाहावे लागते का? मैत्रिणी, नातेवाईक तुटत चालले आहेत का? चूक नसताना रोज माफी मागावी लागते का?

उत्तर ‘हो’ असेल तर काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. कोण खरे यावर तासन् तास वाद घालू नये. ‘मला हे असंच आठवतं’ एवढे शांतपणे सांगून थांबावे. घडलेल्या गोष्टी तारखेनिशी वहीत लिहाव्यात. पुरावा म्हणून नव्हे, तर स्वतःवरचा विश्वास टिकावा म्हणून. काय चालवून घेणार नाही हे थोडक्यात सांगावे आणि त्यावर ठाम राहावे. निदान एका विश्वासू माणसाशी मोकळे बोलावे. बँकेचे पासबुक, आधार कार्ड, मुलांचे दाखले आपल्या ताब्यात असावेत. समुपदेशकाकडे जाण्यासाठी समोरची व्यक्ती तयार होण्याची वाट पाहू नये. एकट्याने गेले तरी चालते.

आणि छळ असेल तर तो विकारामुळे आहे की स्वभावामुळे, या प्रश्नात अडकू नये. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानला आहे. आजाराचे कारण समजले म्हणून मार खाणे कर्तव्य होत नाही. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत.

सुरुवातीच्या त्या गृहिणीला डॉक्टर मेंदूचा स्कॅन लिहून देत नाहीत. ते तिला एवढेच सांगतात, ‘तुमची स्मरणशक्ती चांगली आहे. तुम्हाला जे आठवतं, ते तसंच घडलं असेल असं धरून चला.’ उपचाराची सुरुवात पुष्कळदा या एका वाक्यापासून होते.