शोक ऐकणाऱ्यांचं कोण ऐकतं?

१९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं, तेव्हा रुग्णाबरोबर घरच्यांचं दुःखही उपचारात धरलं. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन उभं राहिलं. हॉस्पिसमध्ये रुग्ण गेला की डॉक्टरांचं काम संपतं. शोक-समुपदेशकाचं संपत नाही. अमेरिकेत तर मेडिकेअरच्या नियमानुसार मृत्यूनंतर वर्षभरापर्यंत कुटुंबासाठी ही सेवा ठेवावी लागते.

आता हिशेब मांडून बघा. पहिला फोन, मग महिन्यानं, मग सणावाराला, मग वर्षश्राद्धाच्या सुमारास. एका घराचं वर्ष पुरं होईतो यादीत कितीतरी नवी घरं आलेली असतात.

पण खरी अडचण याहून वेगळी आहे. आपल्याकडे घरात कोणी गेलं की सुतक असतं. लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भाकरी येते, चार दिवस कामाचं कोणी विचारत नाही. सुतकाबद्दल मतं काहीही असोत, ती शोक करायची परवानगी असते. समुपदेशकाला सुतक नाही. दोन महिने जिच्याशी रोज बोलणं व्हायचं ती आजी सकाळी गेली, तरी दुपारी दुसऱ्या कुटुंबाची वेळ ठरलेलीच. केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा शोकाची मांडणी केली. मराठीत आपण त्याला 'हक्क नसलेला शोक' म्हणू.

तो साठत गेला की कुणी कोरडं होतं, ठराविक वाक्यं बोलू लागतं. कुणी उलट रात्री अकरालाही फोन उचलतं. आपण म्हणतो, स्वभाव! स्वभाव कसला, न उतरवलेलं ओझं आहे ते. आणि ओझं कामातून येतंय, तर नुसतं 'ध्यान करा' सांगून भागत नाही. सोय कामातच हवी.

कोणती? एक, ठरलेल्या दिवशी अनुभवी ज्येष्ठाशी बोलणं. तो ज्येष्ठ पगारवाढ ठरवणारा साहेब नसावा, नाहीतर खरं कोण बोलेल? दोन, एकाकडे किती घरं, याला मर्यादा. तीन, स्वतःच्या घरी कोणी गेलं असेल, तर परतल्यावर काही काळ तशीच केस त्याच्याकडे न देणं. चार, रुग्ण गेल्यावर नर्स, आयाबाई, सगळ्यांनी दहा मिनिटं बसून त्याच्याविषयी बोलणं.

याला पैशापेक्षा वेळ लागतो, आणि तो ड्यूटीतच धरायला हवा. कारण ऐकणाऱ्यासाठी हा शंभरावा मृत्यू असेल. समोर बसलेल्या मुलीची आई मात्र एकदाच गेलेली असते.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.