चरबी वजा, मीठ कायम

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याच्या स्वयंपाकघरात गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी शेगडीवर दोन तवे शेजारी शेजारी चढलेले मी पाहिले, आणि ज्या विषयावर आपण कधी लेखणी उचलू असे स्वप्नातही आले नव्हते, तो विषय त्या दोन तव्यांनीच माझ्यापुढे मांडला. एका तव्यावर डुकराच्या पोटाकडील मांसाच्या, म्हणजे अस्सल बेकनच्या, दोन पट्ट्या होत्या. तवा तापताच त्यांच्या कडा आक्रसल्या, पांढरी चरबी काचेसारखी पारदर्शक होऊन पाझरू लागली आणि पाहता पाहता त्या आपल्याच चरबीत आपण तळल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या तव्यावर टर्कीच्या मांसाच्या चार पट्ट्या होत्या. त्या मात्र जशा ठेवल्या तशाच पडून राहिल्या, आक्रसल्या नाहीत, तडतडल्या नाहीत, आणि अखेर तव्याला चिकटू लागल्यामुळे सूनबाईंना त्यांच्याखाली चमचाभर तेल सोडावे लागले. पुतण्याच्या रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी चरबी कमी करण्याची ताकीद दिल्यापासून त्या घरात मुलांसाठी अस्सल आणि मोठ्यांसाठी टर्कीचे अशी वाटणी झाली होती. "काका, तुम्ही हेच घ्या, आणि चांगल्या चार पट्ट्या घ्या, यात चरबी नसतेच," सूनबाई म्हणाल्या. चरबी कमी असते ही वस्तुस्थिती, आणि म्हणून चार घ्याव्यात हे त्या वस्तुस्थितीवरून काढलेले अनुमान. या दोहोंत केवढे अंतर आहे, त्याची ही कैफियत.

मांस खारवण्याची विद्या चवीसाठी जन्मली नाही, गरजेपोटी जन्मली. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की सुके बोंबील, सोडे आणि खारवलेला बांगडा यांवर जसे दिवस काढले जात, तसेच युरोपातील शेतकरी हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर मारून त्याचे मांस मिठात मुरवीत, धुरावर टांगीत आणि पुढे अनेक महिने पुरवून पुरवून खात. या मिठाच्या जोडीला फार पूर्वीपासून सोरा वापरण्याची वहिवाट होती. ईस्ट इंडिया कंपनीने बिहारातून जहाजे भरभरून नेलेला सोरा मुख्यतः तोफांच्या दारूसाठी असला, तरी युरोपात मांसाच्या पिंपांतही सोरा पडत असेच. सोऱ्यातील नायट्रेटचे जिवाणूंच्या क्रियेने नायट्राइट होते. ते मांसाला लाली देणाऱ्या मायोग्लोबिन नामक द्रव्यातील लोहाशी संयोग पावते, आणि शिजवल्यावर एरवी करडे पडणारे मांस गुलाबी राहते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हवाबंद मांसात वाढून प्राणघातक विष निर्माण करणाऱ्या जंतूला ते अटकाव करते. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात सॉसेज खाऊन माणसे दगावत, त्या विषबाधेचे पद्धतशीर वर्णन युस्टिनुस केर्नर या वैद्य-कवीने १८२० च्या सुमारास केले, आणि त्या रोगाला मिळालेले बोटुलिझम हे नावही सॉसेजवाचक लॅटिन शब्दावरून आले आहे. म्हणजे मीठ, नायट्राइट आणि धूर ही खारवलेल्या मांसाची त्रिपुटी होय. मांस कोणत्या प्राण्याचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता या कथेत टर्की कशी शिरली ते पाहू. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पुढे त्याच्या जन्मगावाविषयी जगाने जो घोळ घातला त्याला तोड नाही: इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले, खुद्द तुर्कांनी त्याला 'हिंदी' म्हटले, फ्रेंचांनीही हिंदुस्थानच्या नावावर घातले, डच लोकांनी कालिकतशी नाते जोडले, आणि पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटले, आपल्याकडे मात्र पेरू हे एका फळाचे नाव. आपल्या बाजूचा एक अस्सल दाखलाही इतिहासात आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याहून ज्या दुर्मीळ चिजा आणल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या मस्तकाचे आणि गळ्याचे क्षणोक्षणी पालटणारे रंग पाहून बादशहा इतका थक्क झाला की, त्याने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रे काढवून घेतली. त्यांपैकी दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जो पक्षी बादशहाला नवलाचा वाटला, तो विसाव्या शतकात अमेरिकेत विक्रीचा पेच होऊन बसला, कारण थँक्सगिव्हिंग आणि नाताळ हे दोन सण वगळता वर्षभर त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते, आणि जे गिऱ्हाईक होते तेही छातीचे पांढरे मांस मागे व मांडीचे गडद मांस नाकारी. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट बेकर या प्राध्यापकांनी कोंबडीच्या नगेटप्रमाणेच टर्कीचे हॅम (मूळचे हॅम म्हणजे डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस) आणि कोंबडीचे हॉटडॉग असे पदार्थ सिद्ध करून या नाकारलेल्या मांसाला वाट करून दिली. त्यातच १९७७ साली सिनेटर जॉर्ज मॅक्गव्हर्न यांच्या समितीने राष्ट्राच्या आहाराची उद्दिष्टे प्रसिद्ध केली. पहिल्या मसुद्यात मांस कमी खावे आणि कोंबडीवर्गीय पक्षी व मासे अधिक खावेत असा सरळ उपदेश होता. त्यावर पशुपालकांनी एवढी हरकत घेतली की, वर्ष संपण्यापूर्वीच निघालेल्या सुधारित आवृत्तीत 'मांस कमी करा' हे शब्द गेले, आणि ज्यायोगे संपृक्त चरबी कमी होईल असे मांस, पक्षी व मासे निवडा, असा मोघम सल्ला उरला. कमी खा, या हुकमाच्या जागी निराळे खा, ही मुभा आली. टर्कीच्या बेकनची सनद या एका फेरफारात आहे, असे मला वाटते.

टर्कीच्या अंगावर बेकन असा भागच नाही. डुकराच्या पोटात मांस आणि चरबी यांचे थर निसर्गतः एकावर एक असतात. टर्कीत ते नसल्यामुळे कारखान्यात ते रचावे लागतात. मांस बारीक करून मिठासह घुसळले की त्यातील प्रथिने सुटून चिकट लगदा तयार होतो. गडद मांसाचा एक लगदा आणि फिक्या मांसाचा दुसरा, असे दोन्ही थर देऊन, शिजवून, धुराची चव देऊन त्या ठोकळ्याच्या पातळ चकत्या कापतात, आणि मग जे पांढरे पट्टे आपल्याला चरबीचे वाटतात, ते वास्तविक फिक्या मांसाचेच असतात. तव्यावरचे वर्तन निराळे का, याचे उत्तर येथे मिळते: पाझरायला सलग चरबीच नाही, म्हणून आक्रसणे नाही, म्हणून कुरकुरीतपणाही बेताचाच. टर्कीच्या हॅमची गोष्ट अधिक सरळ आहे. अमेरिकन कृषिखात्याच्या नियमानुसार ते कातडी व वरची चरबी काढलेल्या, हाड नसलेल्या मांडीच्याच मांसाचे असावे लागते आणि वेष्टनावर तसा खुलासाही करावा लागतो. टर्की चालणारा पक्षी असल्याने मांडीच्या स्नायूंत मायोग्लोबिन भरपूर असते. नायट्राइट लागताच ती मांडी हॅमसारखी गुलाबी होते. छातीच्या मांसाला तसा रंग चढत नाही.

आता जमाखर्च मांडू. शिजलेल्या बेकनच्या सुमारे ८ ग्रॅमच्या पट्टीत ३ ते ३.५ ग्रॅम चरबी असते. टर्कीच्या तेवढ्याच पट्टीत, कंपनीगणिक फरक धरून, साधारणतः २ ग्रॅम. सोडियम मात्र दोहोंतही १५० मिलिग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून अधिक. म्हणजे डुकराच्या दोन पट्ट्या खाणाऱ्याच्या नावे ७ ग्रॅम चरबी आणि ३०० मिलिग्रॅम सोडियम पडते. "चरबी नसतेच" म्हणून टर्कीच्या चार पट्ट्या आणि खाली सोडलेले चमचाभर तेल घेणाऱ्याच्या नावे १२ ग्रॅमहून अधिक चरबी आणि ६०० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाकाठी २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी मीठ, सांगितले आहे. त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा न्याहारीच्या ताटलीतच खर्ची पडला. चरबीतील संपृक्त भाग टर्कीत तुलनेने कमी असतो हे मान्य करूनही, दुप्पट खाणाऱ्याच्या हाती काही बचत लागत नाही.

वेष्टनावरच्या शब्दांचीही अशीच रुजवात घालावी लागते. '९५ टक्के चरबीमुक्त' या घोषणेतील टक्के वजनाचे असतात, आणि त्या वजनात पाणीही मोजलेले असते. १०० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम चरबी आणि एकूण १०० कॅलरी असतील, तर त्यातल्या ४५ कॅलरी चरबीच्याच झाल्या, हे घोषणा सांगत नाही. 'न खारवलेले' असे छापलेल्या पाकिटात पुष्कळदा सेलरीच्या भाजीची पूड घातलेली असते. तिच्यातील नायट्रेटचे नायट्राइटच होते, आणि मांसाला ते भाजीतून आले की पिंपातून, याचा पत्ता नसतो. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले. हे वर्गीकरण पुराव्याची खात्री किती ते सांगते, धोका केवढा मोठा ते नव्हे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु त्या संस्थेच्या व्याख्येत खारवलेले, धुरावलेले पक्ष्यांचे मांसही येते, ही गोष्ट टर्कीभक्तांनी दप्तरी नोंदवून ठेवावी.

मग हे सारे पर्याय त्याज्यच काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण काही ठिकाणी टर्कीने खरोखर बाजी मारली आहे. पिझ्झावरची टर्कीची पेपरोनी घ्या: मूळ पेपरोनीचे जवळजवळ निम्मे वजन चरबीचेच असते, टर्कीच्या पेपरोनीत ती मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास येते, आणि चीज व टोमॅटोच्या आंबट-खारट कल्लोळात जिभेला ही अदलाबदल फारशी उमगत नाही. पास्त्रामीचा, म्हणजे मसाल्याच्या लेपातील खारवलेल्या मांसाचा, तर वंशवृक्षच टर्कीच्या बाजूने साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुमानियातून आलेल्या ज्यूंनी ती न्यूयॉर्कला आणली आणि तेथे स्वस्त मिळणाऱ्या गोमांसाची केली. रुमानियात ती हंसाच्या मांसाचीही होत असे, तेव्हा पक्ष्याची पास्त्रामी ही नक्कल नव्हे, जुन्या घराकडे वळलेले पाऊल आहे. शिवाय तिची चव धने, मिरे आणि लसूण यांच्या जाड लेपात असते. चरबीवर ती फारशी विसंबत नाही. आणि ज्या ज्यू व मुसलमान घरांत डुक्कर निषिद्ध, तेथे टर्कीचा प्रश्न चरबीपुरता उरतच नाही. विधिपूर्वक कापलेली असेल तर ती सोयीची आणि श्रद्धेला धरून असते.

परंतु मला सर्वांत पटलेला पर्याय अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या स्वयंपाकातला आहे. तेथे कोलार्ड नावाची, कोबीच्या कुळातली जाड पानांची भाजी मंद आचेवर तासन् तास शिजवतात; पूर्वी तिच्यात डुकराच्या पायाचा धुरावलेला सांधा टाकीत, आता अनेक घरांतून धुरावलेल्या टर्कीचा पंख किंवा तंगडी टाकतात. टर्कीला तेथे बेकनचा मुखवटा चढवावा लागत नाही. पातेलेभर भाजीला आपले मीठ आणि आपला धूर देऊन ती बाजूला होते, आणि एक तंगडी सबंध कुटुंबाला पुरते. गोव्यात चोरीस या सॉसेजच्या दोन-तीन मण्यांवर पातेलेभर पुलाव होतो, किंवा आपल्याकडे मूठभर सोड्यांवर वांग्याची भाजी सजते, त्याच जातीची ही युक्ती.

माझा निवाडा म्हणून इतकाच: खारवलेले अन्न हे मुळात तोंडी लावणे आहे, आणि तोंडी लावण्याच्या जागी ते राहिले तोवर त्याच्यासाठी पर्याय शोधण्याची पाळी कोणावर आली नव्हती. टर्कीची छाती कातडी काढून साधी भाजली, तर १०० ग्रॅममध्ये दोन-एक ग्रॅम चरबी आणि त्या पट्ट्यांच्या मानाने अगदी थोडे मीठ, असे उत्तम अन्न हाती येते. ते रोज खावे. अस्सल बेकनची इच्छा झाली तर महिन्यातून एखादे वेळी एक पट्टी बारीक चिरून भाजीत घालावी. टर्कीचे बेकन आणायचेच असेल, तर पाकीट उलटे करून चरबीच्या ओळीइतक्याच काळजीने सोडियमची ओळ वाचावी, आणि पट्ट्या दोनच घ्याव्यात.